वरचं बीट

१

"बिल्ला दे, नवसे."

"नाय देत."

"टाइम होऊन राह्यला. झुंबर उभा राहील तिकडं."

"राहू द्या उभा. पाय दुखले तं बसंल."

"तो बसत नाय. ड्युटीवर हाय तो."

"कशावर ड्युटी? वरचे रूळ भंगारात गेले, स्लीपर लोकांनी चुलीत घातले. तुमचा झुंबर काय वाऱ्यावर हातोडा मारतो?"

यावर सहादू गप्प झाला. माझा नवरा भांडणात गप्प बसणारा नव्हता. माझ्या एका शब्दाला त्याचे दोन, असाच आमचा संसार चालला होता. पण त्या दिवशी तो क्वार्टरच्या दारात निळा सदरा घालून, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा टाकून नुसता उभा राहिला आणि हात पुढं धरला. मी चौकटीत आडवी. पितळी बिल्ला माझ्या पदराच्या गाठीत आणि गाठ माझ्या मुठीत. बाहेर ऑक्टोबरचं ऊन उंबऱ्याला लागलं होतं. समोरच्या मळ्यात द्राक्षाची छाटणी चालली होती, कात्र्यांचा आवाज येत होता. मीही त्याच कामावर असायची, पण त्या दिवशी खाडा केला.

हा माणूस आज मोरीच्या पलीकडं गेला तर परत येणार नाही, हे मला माहीत होतं. कसं माहीत होतं ते सांगते. त्याआधी एक सांगून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच माझी कीव करायला नको. मी भूतखेत मानणारी बाई नाही. आमच्या घरात देव्हारा नाही. छप्पन्न साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हापासून अंगारा, उतारा, देवऋषी यातलं काही माझा उंबरा ओलांडून आत आलेलं नाही. नवसाबाई हे नाव आईनं ठेवलं. मी स्वतः कधी कुणाला नवस बोलले नाही. अक्षरं मी वॅगनीच्या अंगावरून आणि स्टेशनाच्या पाट्यांवरून शिकले. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणी चुकीचंही शिकवलं नाही.

तेव्हा जे पाहिलं तेच लिहिते.

२

आमच्या लाईनीला लोक बुटकी म्हणायचे. खाली मोठ्या लाईनीवरच्या जंक्शनापासून निघायची, दिंडोरीच्या बाजूच्या मळ्यांमधून वर चढायची आणि डोंगरातल्या काळ्या दगडाच्या खाणीपाशी संपायची. इंग्रजाच्या राज्यात धरणाला दगड लागला म्हणून घातलेली. दोन रुळांमधलं अंतर एवढं कमी, की गाडी वळणावर आली म्हणजे नवीन माणसाला वाटायचं आता ही कलंडते. दगडाच्या वॅगनी आणि मागं दोन डबे. त्या डब्यांतून भाजीवाल्या जायच्या, शाळामास्तर जायचे, लग्नाची वऱ्हाडं जायची. डबा भरला की उरलेली माणसं दगडावर बसायची, आणि ती उरलेली माणसं कोण, हे वेगळं सांगायला नको. रूळ टाकले आमच्या आज्यांनी, सांभाळले आमच्या बापांनी आणि नवऱ्यांनी. दगडावर बसायचा मानही आमचाच.

गँगमनाचं काम लोकांना वाटतं खडी उचलायचं. सहादू गँगमधून वर चढून लाईनीवर चालणारा झाला होता. रोज आपल्या वाट्याची लाईन पायी चालायची, रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकत जायचं, सैल झालेली घट्ट करायची. एका माणसाच्या वाट्याची जेवढी लाईन, तिला बीट म्हणायचे. सहादूचं बीट खालच्या स्टेशनापासून मोरीपर्यंत. मोरी म्हणजे ओढ्यावरचा दगडी कमानीचा छोटा पूल. मोरीच्या पलीकडं कातळ फोडून केलेली खिंड, आणि खिंडीपासून खाणीपर्यंत झुंबरचं बीट.

आता या कामातली रीत सांगते, कारण सगळं त्या रितीवरच आहे. दोघांनी आपापल्या बाजूनं चालत यायचं आणि मोरीवर भेटायचं. दोघांच्या छातीला नंबराचा पितळी बिल्ला. सहादूचा चार, झुंबरचा पाच. भेटले की बिल्ले बदलायचे. याचा त्यानं लावायचा, त्याचा यानं, आणि माघारी फिरायचं. साहेबाला दुसऱ्याचा बिल्ला दाखवला की कळायचं, हा शेवटपर्यंत चालला, मध्येच झाडाखाली झोपला नाही. दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याला परत. त्यामुळं आमच्या घरातल्या खुंटीवर एक दिवस चार नंबर लटकायचा, एक दिवस पाच.

आणि समोरचा आला नाही तर? तर वाट बघायची. तरीही आला नाही, तर त्याच्या बीटमध्ये शिरायचं आणि तो सापडेपर्यंत चालत राहायचं. तो वाटेत पडला असेल, त्याला काही चावलं असेल. माणूस सापडल्याशिवाय माघारी यायचं नाही. नियमच तसा होता, आणि चांगला नियम होता. या नियमानं दोन-तीन माणसांचे जीव वाचलेले मी पाहिले आहेत.

झुंबर एकटा राहायचा. बायको पहिल्या बाळंतपणातच गेलेली. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडं जेवायला यायचा. माझ्यासारखीच त्याची जीभ तिखट.

"वैनी, आमटीत मीठ नाय, का माझ्या तोंडाला चव नाय?"

"तुमच्या तोंडाला लाज नाय, भाऊ. तिसरी वाटी चालूय."

असं आमचं चालायचं. एक शौक होता त्याला, बिल्ला चिंचेनं घासायचा. त्याचा पाच नंबर आमच्या खुंटीवर आला की सोन्यासारखा चमकायचा, आणि जवळ गेलं की चिंचेचा आंबट वास. सहादूचा चार नंबर कायम काळपट.

३

अठ्ठ्याहत्तर साली खाण बंद झाली आणि वरचा अर्धा भाग बंद केला. शेवटची दगडाची गाडी संध्याकाळी खाली आली. सगळी गँग तिच्यावर बसून आली होती. पहारी, फावडी, घमेली, सगळं त्यांच्या पायाशी. तिन्हीसांजेचं तांबडं ऊन त्यांच्या तोंडावर होतं. आमच्या थांब्यावर गाडी थांबली, मी सगळ्यांना चहा दिला. कप वाटता वाटता विचारलं, "झुंबरभाऊ कुठं?"

मुकादम पुंजाराम म्हणाला, "त्याची बदली झाली ना भुसावळकडं. सकाळच्याच गाडीनं गेला असंल."

असेल, असं तो म्हणाला. तेव्हा मी त्या शब्दाकडं लक्ष दिलं नाही. दिवसभराची दमलेली माणसं, आपापल्या बदलीच्या काळजीत. कुणी पुढं विचारलं नाही. निरोप न घेता गेला म्हणून मला राग आला, तो काही दिवस राहिला.

मग वरून खाली येत येत रूळ काढले. मोरीपाशी रुळाखालचे लाकडी स्लीपर आडवे रचून ठेवले, इथं लाईन संपली म्हणून. खालची बुटकी चालू राहिली. कांदा जायचा, भाजीवाल्या जायच्या. सहादू मोरीपर्यंत चालायचा आणि आपलाच चार नंबर लावून परत यायचा, कारण बदलायला समोर कुणी उरलं नव्हतं.

अशी तीन वर्षं गेली. खुंटीवर रोज चार.

४

एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मळ्यातून दमून आले, हातपाय धुतले, चूल पेटवली. आमचं क्वार्टर म्हणजे एक खोली आणि पुढं ओसरी. पदराला हात पुसत उठले तर खुंटीवर काहीतरी चमकलं.

पाच नंबर.

मला वाटलं, चुलीचा जाळ पितळेवर पडला असेल. हातात घेतला. पाचच होता. तीन वर्षं कुठं पडून राहिलेलं पितळ हिरवं पडायला पाहिजे. हा नुकता घासलेला होता. नाकाशी नेला. चिंच.

"हे कुठनं आणलं?" मी विचारलं.

सहादू बूट काढत होता. मान वर न करता म्हणाला, "झुंबरनं दिला."

"झुंबरभाऊ आले? भुसावळवरनं?"

"कुठं भुसावळ? वरच हाय तो."

मला बरं वाटलं. माणूस कामाला कंटाळून परत आला असेल, वर शेळ्या राखत असेल, जुन्या सवयीनं मोरीवर आला असेल. चिडून म्हणाले, "तीन वर्षांत एकदा जेवायला यायला काय झालं होतं? उद्या घेऊन या."

"तो इकडं नाय येऊ शकत. ड्युटी हाय त्याची."

मी हसले. सहादू हसला नाही. बुटातली खडी झटकली आणि बूट भिंतीशी लावून ठेवले.

दुसऱ्या दिवशी खुंटीवर चार. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच. मी रोज भाकरी थापता थापता खुंटीकडं बघायची. खुंटी माझ्या पाठीमागं होती, तरी मला मान वळवायच्या आधी कळायचं आज कोणता आहे. पाच असला की खोलीत आंबट वास असायचा. आमच्या घरात त्या वर्षी चिंच नव्हती. आमटीत मी कोकम टाकत होते.

५

पुंजाराम मुकादम रिटायर होऊन गावातच राहत होता. त्याच्याकडं गेले. ओट्यावर बसून तंबाखू मळत होता.

"जयभीम, मुकादम. झुंबरभाऊ परत आले का?"

"कोन झुंबर?"

"किती झुंबर होते तुमच्या गँगमधी?"

तो हसला. "भुसावळला हाय ना तो."

"तुम्हाला भेटला तिकडं कधी?"

"मी कशाला जातो भुसावळला?"

"मंग कोनाला भेटला?"

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. सांगू की नको असं झालं त्याचं. मग म्हणाला, "वैनी, त्या दिवशी दुपारी मी त्याला बीटवर सोडून गँगकडं गेलो. म्हनलं, तुझा रिलीवर येईल, तो आला की सुट. रिलीवर पाठवतो म्हनून मीच बोललो होतो. मंग साहेब आले, सामान चढवा म्हनले, गडबड झाली." हात झटकून म्हणाला, "पन तो काय कुकुलं बाळ हाय का? गाडी गेली तं कळंलच ना त्याला. आला असंल चालत, गेला असंल कुठं."

"पाठवला होता का रिलीवर?"

पुंजाराम माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्याचा बिल्ला कुठं जमा नाय झाला, येवढं मला ठावं हाय."

रिलीव्हर म्हणजे आपली जागा घ्यायला येणारा माणूस. तो आल्याशिवाय बीट सोडायचं नाही, हा लाईनीवरचा पहिला नियम. हा नियम मोडला म्हणून नोकरी गेलेली माणसं होती. झुंबरनं तो कधी मोडला नसता. घरी कुणी नसलेला माणूस नियमाला घट्ट धरून राहतो.

मी परत येताना डोकं लावत होते. झुंबर जिवंत असेल तर खातो काय? मेला असेल तर रूळ काढणाऱ्यांना सापडला कसा नाही? आणि बिल्ला? पितळ काही आपणहून चालत येत नाही. एकच गोष्ट बसत होती. सहादूचं डोकं फिरलं, त्याला तो बिल्ला कुठंतरी सापडला, आणि तोच चिंच आणून घासतो, तोच बदलतो. लाईन बंद पडणार अशी कुजबुज तेव्हा सुरू झाली होती. चालायला लाईन उरणार नाही या विचारानं माणूस वेडा होऊ शकतो. मी हे मनाशी पक्कं केलं. नवरा वेडा झाला हे मान्य करणं मला त्या दिवशी सोपं गेलं.

रात्री जेवताना सहज विचारलं, "काय बोलता तुम्ही दोघं?"

"काय बोलनार? मी म्हनतो खालचं ठीक. तो म्हनतो वरचं ठीक."

"आनखी?"

"दमलाय तो," सहादू म्हणाला. "रिलीवर आलाच नाय म्हनतो."

मी त्याला पुंजारामचं काहीही सांगितलं नव्हतं.

६

दोन दिवसांनी मी मळ्यात जाते म्हणून निघाले आणि बांधाबांधानं मोरीकडं गेले. सहादू यायच्या आधी ओढ्यात उतरून कमानीखाली जाऊन बसले. ओढ्याला बोटभर पाणी. कमानीच्या आत गार, दगडांना ओल, आणि पलीकडं वाळूवर भर दुपारचं ऊन. डोळे दिपत होते.

वर खडीत सहादूचे बूट वाजले. ठोकत ठोकत आला. मोरीवर येऊन थांबला.

मग खिंडीतून आवाज आला.

टण्.

गँगमनाच्या बायकोला तो आवाज झोपेतही कळतो. चावी सैल असेल तर हातोडा थप्प वाजतो. घट्ट असेल तर टण् वाजतो आणि तो नाद रुळातून पुढं पळत जातो. मी स्वतःला म्हटलं, कुणी पाथरवट दगड फोडत असेल. पण दगडावरचा घाव दगडातच मरतो. हा पळत येत होता. टण्, थोड्या वेळानं टण्, प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा जवळ, आणि एकही सैल नाही. नीट राखलेल्या लाईनीचा आवाज होता तो. जिथं रूळ नव्हते, नुसत्या बाभळी माजल्या होत्या, तिथून येत होता.

हातोडा थांबला. वर सहादू बोलला, "खालचं ठीक."

मग गप्प. दुसऱ्याचं वाक्य संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा गप्प.

"नाय रे आला अजून."

पुन्हा तसंच.

"तसं नाय, पन मी म्हनतो साहेबांना. मी सोडत नाय त्यांना."

दुसरा आवाज मला आला नाही. मी कान लावून होते. पाणी वाहत होतं, तेही ऐकू येत होतं. सहादू हसला. दोस्ताच्या बोलण्याला हसतो तसं. डोकं फिरलेला माणूस असा हसत नाही.

"वैनी बरी हाय ना तुझी," तो म्हणाला.

मी कमानीच्या दगडाला अंग चिकटवून घेतलं.

"हाय की. हितंच असंल कुठं तरी."

तेव्हा मी समोर वाळूकडं पाहिलं. मोरीच्या कठड्याची सावली कमानीच्या पायाशी पडली होती, भर दुपारी पडते तशी आखूड. त्यावर सहादूच्या डोक्याचा गोळा. आणि त्याच्या शेजारून दुसरी एक सावली निघाली होती, खांद्यावर हातोडा असलेली. ती वाळूवरून, पाण्यावरून, पलीकडच्या काठावरून वर चढत गेली होती. दिवस मावळताना माणसाची पडते तेवढी लांब.

तिचा हात सहादूच्या सावलीकडं आला, काहीतरी दिलं, काहीतरी घेतलं.

सहादू माघारी गेला तरी मी बराच वेळ तिथंच बसून राहिले. घरी आले तेव्हा खुंटीवर पाच होता.

७

दिवाळीनंतर सगळीच लाईन बंद होणार असा हुकूम आला. सहादूला मोठ्या लाईनीवर फाटकाची नोकरी मिळणार होती. पगार तोच, उन्हात चालायचं नाही. बायकोला आनंद व्हायला हवा. मला झालाही. मनात म्हटलं, हे एवढे दिवस निघाले की सुटलो.

मग भांडणाच्या आदल्या दिवशी तो पाच नंबर परत करायला गेला आणि पाच नंबरच घेऊन आला. जेवला नाही. भिंतीला टेकून बसला.

"झुंबर आला नाय," म्हणाला. "लय वाट बघितली."

मला बरं वाटलं. संपलं एकदाचं.

"मी पुढं जानारच होतो," तो म्हणाला. "पन तुला सांगून जावं म्हनलं."

आता कळलं असेल, चौकटीत मी आडवी का उभी होते.

"रूळ संपले तिथं तुमचं काम संपलं," मी म्हणाले. "नियम रुळाचा हाय."

"नियमात रूळ कुठं हाय? मानूस भेटेपत्तर चालायचं, येवढाच हाय नियम."

"मानूस असंल तर ना."

"नसंल तं माझा चार नंबर कोनाकडं हाय? सांग."

मी आवाज चढवला. "पुंजारामची चूक. त्याला पाठवा. साहेबाला पाठवा. तुम्हीच का?"

"पुंजारामला तो दिसत नाय. साहेबाला त्याचं नाव ठावं नाय." सहादू शांतपणे बोलत होता आणि मला त्या शांतपणाचीच भीती वाटत होती. "दिवाळीनंतर मी बी जानार. मंग त्याला इचारायला कोन येनार, नवसे? तो तसाच ठोकत राहील. मी नुसतं जाऊन त्याला सोडवतो."

"आन तुम्हाला कोन सोडवंल?"

तो पुढं आला. मला बाजूला सारलं, जोरात नाही, दारातलं पोतं सरकवावं तसं, आणि चालू लागला. बिल्ल्याशिवायच.

मी त्याची बाही धरून मागं. रुळांमधून आम्ही दोघं भांडत चाललो. मळ्यातल्या बायका कात्री थांबवून बघत होत्या, बघू दिलं. माझी लाज तेव्हा माझ्या कामाची नव्हती. आमच्या पोरीचं नाव घेऊन पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या, रडले नाही. तो म्हणत होता, "सोड गं, सदरा फाटंल." एवढंच.

मोरी आली. रचलेल्या स्लीपरांवर त्यानं पाय ठेवला. तेवढ्यात ओझरच्या कारखान्यातलं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं. असा आवाज की मळ्यातले कुत्रे भुंकायला लागले. तो आवाज आमच्यावरून गेला, ओढ्यावरून गेला, आणि खिंडीच्या तोंडाशी कापल्यासारखा थांबला. आत शिरलाच नाही. आत वेगळीच शांतता होती.

त्या शांततेत, अगदी जवळ, टण्.

मी वर पाहिलं. खिंडीत माणूस उभा होता. आमच्या अंगावर भर दुपारचं पांढरं ऊन. त्याच्या एका गालावर, हातोड्याच्या दांड्यावर, पुढं केलेल्या तळहातावर तिन्हीसांजेचं तांबडं. त्याच्या मागच्या कातळावरही तेच. एवढंच मी पाहिलं. चेहरा पाहिला का, असं मला पुढं एकदोघांनी विचारलं. डोळे होते, आणि ते खालच्या बाजूला, लाईनीच्या वाटेकडं लागलेले होते, रिलीव्हर येताना दिसतो का म्हणून. तेवढं दिसल्यावर मी बाकीचं पाहायचं टाळलं.

त्याच्या पुढं केलेल्या तळहातावर काळपट चार नंबर होता.

सहादूनं दुसरा पाय उचलला. माझ्या हातातून बाही निसटली. ओढून तो थांबणार नव्हता, हे मला तेव्हा पटलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हेही. एका माणसाला तीन वर्षं कुणी सोडवलं नव्हतं, आणि कुणीतरी सोडवायला पाहिजे होतं. भांडणात मी हरले होते. असं मी क्वचितच कबूल करते. मग मी स्लीपरांवर चढले, नवऱ्याच्या पुढं जाऊन उभी राहिले, पदराची गाठ सोडली, पाच नंबर माझ्या हातात धरला आणि खिंडीकडं तोंड करून एकच वाक्य बोलले.

त्या वाक्यानं भांडण मिटलं. सहादूचा पाय होता तिथं खाली आला. उतरताना त्यानं माझा हात धरला, इतकी वर्षं चारचौघांत धरला नव्हता. त्या दिवशी तो दोन भाकरी जेवला. दिवाळीनंतर फाटकावर गेला, सायकलनं जाऊन येऊन नोकरी केली, रिटायर झाला, आणि कितीतरी वर्षांनी आपल्या अंथरुणात, मी उशाशी असताना गेला. मला जे पाहिजे होतं ते मिळालं. चार नंबर दुसऱ्या दिवशी मोरीच्या कठड्यावर होता, चिंचेनं घासून ठेवलेला. हातोड्याचा आवाज त्यानंतर कुणाला आला नाही. निदान दुसऱ्या कुणाचा.

क्वार्टर पाडलं तेव्हा मी मोरीजवळ पत्र्याची खोली बांधली. लेक शहरात द्वारकेला राहते, म्हणते, आई, त्या रानात काय आहे, इकडं ये. तिला काय सांगू. माझ्या जागी यायला कुणी नाही, आणि मी कुणाला ये म्हणणारही नाही. दुपारी हातोडा घेते, खिंडीतून खाणीपर्यंत जाते, परत येते. पाय दुखतात. वरचं ठीक आहे.

त्या दिवशी खिंडीकडं तोंड करून मी जे बोलले ते असं होतं: "झुंबरभाऊ, हातोडा ठेवा खाली आन घरी जा, आजपासनं वरचं मी बघते."